टाळ्या न वाजवणारा मांजर क्लब

आमच्या जिल्ह्याच्या मांजर क्लबात टाळ्यांना बंदी होती. त्यामागे एक फजिती आहे. पहिलं प्रदर्शन आम्ही नगरच्या एका मंगल कार्यालयात भरवलं. पाहुणे येणार म्हटल्यावर हलगी हवीच, म्हणून आमच्यातल्याच एकानं हलगीवाले सांगून टाकले. प्रदर्शन मांजरांचं आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाहुणे दारात आले, हलगी कडाडली आणि शेवगावच्या एका शेतकऱ्याचा बोका त्याच्या मांडीवरून सुटला तो थेट स्टेजच्या पडद्यावर चढून बसला.

"हलगी कुनी बोलवली?" तो बिचारा खाली उभा राहून विचारत होता. "लई भेदरलाय त्यो. आता जेवनाच्या टायमालाच उतरंल."

बोका खरंच जेवणाच्या वेळेला उतरला. तेव्हापासून ठरलं, हलगी नाही, माईक नाही, टाळ्याही नाहीत. मांजर आवडलं तर खिशातला रुमाल काढून हलवायचा. भरल्या हॉलमध्ये माणसं मुकाट्यानं रुमाल हलवताना पाहून बाहेरचे लोक आम्हाला वेड्यात काढायचे.

मी क्लबात गेलो बायकोमुळे. मला मांजरांचं काडीचं कौतुक नव्हतं. नागापूरला एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो आणि यायला जरा उशीर झाला की पोरं विचारायची, "काय साहेब, मांजर आडवं गेलं का?" प्रदर्शनात माझं काम पिंजरा उचलायचं. मांजर तिचं होतं, साधं गावठी, तपकिरी पट्ट्यांचं. दूध घातलं की ती वाटीच्या काठावर हातातल्या बांगड्या वाजवायची आणि ते असेल तिथून धावत यायचं. क्लबात 'घरचं मांजर' म्हणून एक गट होता. त्यात मांजर हॉलच्या मधोमध सोडायचं आणि मालकानं लांबून बोलवायचं. आमचं मांजर दर वेळी तिच्याकडे धावत जायचं आणि सगळा हॉल रुमालांनी पांढरा व्हायचा.

गेल्या वर्षी ती गेली. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि मांजर. पण ते माझ्याकडे फिरकेना. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडलो की मग येऊन जेवायचं. मी गोड बोललो, चमचा वाजवला, मासळी आणली. तिच्या बांगड्या कपाटात होत्या, पण त्या काढून वाजवायचं धाडस मला झालं नाही.

क्लबचेही नव्याचे नऊ दिवस संपले होते. पर्शियन मांजरवाली तरुण मंडळी पुण्याच्या प्रदर्शनांना जायला लागली, जुन्यांतले काही वारले. यंदाचं प्रदर्शन शेवटचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी मांजराचं नाव 'घरचं मांजर' गटात दिलं. चारचौघांत एकदा जरी ते माझ्याकडे आलं, तर घरात आपण एकटे नाही असं मला म्हणता आलं असतं. दुसरं काही नको होतं.

हॉल अर्धाही भरला नव्हता. मांजर मध्ये सोडलं. मी गुडघ्यांवर बसून हाक मारली. ते बसून पंजा चाटत राहिलं. मी पुन्हा हाक मारली. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

पहिल्या रांगेत नेवाश्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बायकोच्या मैत्रीण. मला धीर द्यावा म्हणून त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि हलवला. त्या शांततेत त्यांच्या बांगड्या किणकिणल्या.

मांजराचे कान उभे राहिले. ते धावत गेलं आणि त्यांच्या मांडीवर चढलं. मी जवळ गेलो तेव्हा ते डोळे मिटून गुरगुरत होतं. बायको गेल्यापासून मी ते गुरगुरणं ऐकलं नव्हतं.

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "भाऊ, चुकून झालं हो. घ्या, न्या ह्याला."

मला रडू येत होतं, रागही आला होता. पण त्या मांडीवरून ते उचलायला हात पुढे होईना. "राहू द्या, बाई," मी म्हणालो. "तुमच्याकडेच राहू द्या. दूध कोमट लागतं त्याला."

मागे कुणीतरी रुमाल हलवला, मग सगळ्यांनीच. मीही खिशातून माझा काढला आणि हलवला.

संध्याकाळी रिकामा पिंजरा घेऊन घरी आलो. कुलूप काढलं, दार थोडंसंच उघडलं आणि मांजर बाहेर पळू नये म्हणून सवयीनं फटीत पाय आडवा धरला.