धुळाप्पांची झील

गाणं कुठल्या सॉफ्टवेअरवर करावं, असा प्रश्न पडला की बँजो पार्टीवाले आणि भजनी मंडळी जोतिरामला फोन लावत. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे, एका गल्लीत त्याची स्टुडिओची खोली. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी टांगलेल्या. कोपऱ्यात बिरुदेवाचा फोटो. देवाला भंडारा वाहिल्याशिवाय कॉम्प्युटरचं बटण दाबायचं नाही, हा त्याचा नेम. शिक्षण बेताचं, पण कान तयार. गाणी करणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात त्याच्या मताला वजन असे.

अक्कलकोटचा ईरप्पा तर त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

"बापू, त्ये नवीन आलंय ते घेऊ का?"

"घे की. पण तुझी मशीन म्हातारी. ते उघडेपर्यंत तुझा चहा पिऊन होईल."

"मग मोफतचं?"

"ते हलकं आहे, पळतं चांगलं. पण मधेच मान टाकतं. जपून ठेवायला विसरलास तर सकाळपासूनचं काम पाण्यात. आणि त्यातली ढोलकी ऐकलीस का? पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजते."

"तुला आजवर एक तरी पसंत पडलंय का? बायको कशी पसंत केलीस, देवच जाणे."

"तिनं मला केलं. माझ्यात काय उणं आहे ते ती रोज सांगते की."

एका सॉफ्टवेअरला मात्र जोतिराम कधी नावं ठेवत नसे. त्याच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत. दिवसभर खटखट. चांगल्या गळ्याचा माणूस गायला बसला की त्याच्या सुरात ती खटखट शिरायची. हे सॉफ्टवेअर समोरचा आवाज बरोबर ओळखायचं, तेवढाच उचलायचं आणि मागचं सगळं पुसून टाकायचं. जोतिरामने ग्रुपवर त्याचं भरभरून कौतुक लिहिलं होतं. उणीव एकच सांगितली होती, की ते जागा फार खातं. मूळ आवाज आणि काढलेला आवाज, दोन्ही ठेवत बसलात तर मशीन भरून जाईल. मी मूळ काढून टाकतो, तुम्हीही टाका. लोकांनी ते मानलं.

त्याचे वडील धुळाप्पा सांगोल्याकडे वाडीवर असत. मेंढरं, थोडी डाळिंबं आणि धनगरी ओवी, एवढंच त्यांचं जग. ओवीचे म्होरके येडूतात्या. तात्या कानावर हात ठेवून ओळ टाकायचे, आणि ओळीचा शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत मागे उभे असलेले धुळाप्पा तो उचलून लांबवर ओढत न्यायचे. याला झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याने मागेच उभं राहायचं, हा रिवाज. जत्रेत लोक म्हणत, चला, येडूची ओवी ऐकायला. धुळाप्पांची झील ऐकायला चला, असं कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. देवापुढे उभं राहायला मिळतं, यातच ते भरून पावायचे.

जोतिरामने एकदा वाडीवर जाऊन दोघांची ओवी रेकॉर्ड केली. माईक तात्यांच्या तोंडासमोर लावला. धुळाप्पा रिवाजाप्रमाणे मागे, लिंबाच्या बुंध्यापाशी उभे राहिले. "आबा, जरा पुढं या," असं म्हणायचं जोतिरामला सुचलं नाही, आणि ते आपणहून येणारे नव्हते.

सोलापुरात येऊन त्याने ते सॉफ्टवेअर चालवलं. शेरडांचं ओरडणं गेलं, वारा गेला, रस्त्यावरची मोटरसायकल गेली. झीलही गेली. जोतिरामला क्षणभर चुकल्यासारखं झालं. पण तात्यांचा आवाज असा काही निथळून आला होता, की तो त्यातच रमला. मोकळ्या पडलेल्या जागा थोड्या आवळून त्यांत त्याने सॉफ्टवेअरमधलाच तयार कोरस भरला. दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या गाण्याचं गिऱ्हाईक येणार होतं, मशीनमध्ये जागा नव्हती. सवयीप्रमाणे त्याने मूळ आवाज काढून टाकला.

ओवी लई गाजली. जत्रेच्या कर्ण्यांवर तीच, गाड्यांमध्ये तीच. पुढे वाडीवर गेला तेव्हा त्याने वडिलांना मोबाईलवर ऐकवली. धुळाप्पा उकिडवे बसले, मोबाईल कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"ब्येस झालंय," ते म्हणाले. "येडूचा गळा लई ग्वाड लागलाय."

मोबाईल पोराच्या हातात देऊन ते मेंढरांना पाणी दाखवायला गेले. आपल्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जोतिराम खुशीत होता. बापाने ब्येस म्हटलं, यापलीकडे त्याला काही ऐकू आलं नाही.

पौषात धुळाप्पा गेले. मेंढरं कोंडून आले, छातीत कळ आली, झालं. मेंढरं भावकीत देऊन जोतिरामने आईला, बनाबाईला, सोलापूरला आणलं. ती सकाळी देवापुढे बसे आणि दिवसभर दारात. मागांची खटखट ऐकत म्हणे, हितं कुणाचं कुणाला ऐकूच येत न्हाय.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी एक दिवस ती म्हणाली, "जोती, त्या दिवशी त्येंची ओवी लावशील का? डोळ्यांम्होरं दिसत्यात, पर आवाज सुटाय लागलाय बग. तुज्या पेटीत हाय न्हवं?"

"हाय की, आई," तो बोलून गेला.

खोलीत येऊन त्याने मशीन उलटीपालटी केली. जुनी डिस्क तपासली, कार्डं तपासली. मूळ आवाज कुठेच नव्हता. धुळाप्पांचा फोन साधा, बटणांचा. त्यात काही साठवलेलं नव्हतं. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ते नाचताना दिसत होते, पण ऐकू येत होता नुसता बँड. जोतिरामने ग्रुपवर विचारलं, पुसलेला आवाज परत आणणारं काही आहे का? नाव सांगितलं नाही. एकाने लिहिलं, ते सॉफ्टवेअर आपल्याला हवं ते देतं, नको ते ठेवत नाही, हाच तर त्याचा गुण. दुसऱ्याने सुचवलं, हल्ली मशीन कुणाचाही आवाज तयार करते, फक्त त्या माणसाचं थोडं बोलणं नमुन्याला द्या. नमुना असता तर विचारलं कशाला असतं?

ईरप्पाचा फोन आला. "कुणाचा आवाज रे, बापू?"

"आबांचा."

एरवी थट्टा करायची ईरप्पाची सवय. त्या दिवशी नुसतं "ठेवतो" म्हणून त्याने फोन ठेवला.

आईपाशी खोटं बोलायची जोतिरामची छाती होईना. त्याने तिला खोलीत खुर्चीवर बसवलं, कोरस काढून टाकला आणि उरलेली ओवी लावली. तात्यांची ओळ यायची, मग रिकामं. पुन्हा ओळ, पुन्हा रिकामं. बनाबाई मान खाली घालून ऐकत होती.

"ह्यात कुटं हायत त्ये?"

"नाहीत आई. मशीननं काढलं. आणि मूळ होतं ते... मीच पुसलं."

ती हळूच म्हणाली, "मशीनला काय कळतंय रं. लोकास्नी बी त्ये कवा ऐकू आलं न्हाईत. तुला तरी आलं असतील, असं वाटलं हुतं."

जोतिरामने ओवी बंद केली.

वर्षश्राद्धाला येडूतात्या सकाळच्या एसटीने आले. जोतिरामच्या मनात एक आशा होती. तात्यांकडून पुन्हा गाऊन घ्यावं, वाडीवरचा कुणीतरी झीलकरी धुंडाळावा, आईला निदान जवळपास जाणारं काहीतरी ऐकवावं. पान वाढायला अवकाश होता. त्याने तात्यांना माईकपुढे बसवलं. बनाबाई दाराशी टेकून उभी राहिली.

तात्यांनी कानावर हात ठेवला.

"माझ्या माळाच्या देवाला गं, कांबळी हातरली रंऽऽ..."

आणि थांबले. थांबले ते थांबलेच.

"पुढची ओळ आठवंना व्हय, तात्या?"

"आठवतीया की." तात्यांनी हात खाली घेतला. "दम कुटं घ्यू? त्यो झील धरायचा तवर म्या दम घ्यायचो. तुज्या त्या मशनीत मी एका दमात सगळं म्हटल्यावानी वाटतं. लोक येऊन सांगत्यात, तात्या, काय छाती हाय. मी कवा रं येवढ्या दमाचा हुतो?"

"मी धरतो झील. तुम्ही म्हणा."

तात्यांनी पुन्हा ओळ टाकली. जोतिराम शब्द संपायची वाट बघत राहिला. शब्द संपला, मग त्याने तोंड उघडलं. तात्यांनी मान हलवली.

"तसं न्हाय. माजा शबुद सरायच्या आत यायचं. त्यो कसा यायचा बग, मला कळायचं सुदीक न्हाय, मी कुटं सोडला आन् त्यानं कुटं धरला."

पुन्हा ओळ. जोतिराम लवकर घुसला, सूर भलतीकडेच गेला. आयुष्यभर लोकांचे सूर सरळ करणाऱ्या त्या माणसाला बापाची एक ओढ गळ्यात आणता येईना. सूर वर जायचा की खाली, शेवटी थरथरायचा की सरळ विरायचा, यातलं त्याला काही म्हणता काही सापडेना. लहानपणापासून तो ती ओवी ऐकत आला होता, आणि प्रत्येक वेळी त्याने ऐकलं होतं ते समोर गाणाऱ्याला.

तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे. आवाज तरी ध्येनात हाय न्हवं त्येचा?"

"व्हय," जोतिराम म्हणाला. म्हणताना त्याने वर पाहिलं नाही.

बनाबाई दारातून त्याच्याकडे बघत होती. पदर सावरून ती तात्यांसाठी पान मांडायला आत गेली.