वाचल्याबिगर सही न्हाय

"आधी तुझ्या त्या शेळ्या म्यूट कर," साहेब म्हणाला.

स्क्रीनवरचे अकराच्या अकरा जण हसले. मी पण हसले. आग लागो त्या हसण्याला! अणदूरला घरी बसून मी काम करायचे, अन् मागं आबांच्या शेळ्या. त्याच शेळ्यांवर माझं इंजिनिअरिंग झालं. ते सांगायचं सोडून गुमान उठले अन् खिडकी लावून आले.

आमची कंपनी पुण्याची, काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं. त्या दिवशी माझ्या व्हिसाचे कागद जाणार होते. पाच वर्षं वाट बघितली होती. आबांनी तर गावभर सांगून टाकलेलं, पोरगी चालली म्हणून.

"सही करून लगेच पाठव."

"वाचते अन् करते, सर."

"वाचायचंय काय त्यात? आजवर कुणी वाचलं नाही. तुमच्या गावातून विमान तरी दिसतं का गं?"

परत हसले सगळे. ह्या बारीला मी न्हाय हसले.

आमचा खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला ऱ्हायला जातो. जायच्या आधी दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार करतात, मगच पालखी उठते. देवाला कागद लागतो, अन् मी तशीच उठून जायची व्हय? म्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर लिहिलेलं, या कामाला तिकडं जाणकार माणूस मिळत न्हाय, म्हणून हिला नेतोय. धडधडीत खोटं! ते काम तीन महिने मला कोण शिकवत होतं? लिंडा. तिकडचीच बाई, सोळा वर्षं तेच करतीय. तिला सांगितलेलं, मी तिच्या हाताखाली येणार. अन् कागदात काय? पंधरा दिवसांत तिच्याकडनं ताबा घ्यायचा, मग तिची कायमची सुट्टी. मला पद तिचं, पगार नवशिक्याचा. वर तीन वर्षं कंपनी सोडायची न्हाय. म्हंजे मी हुशार म्हणून न्हाय, स्वस्त अन् गप बसणारी म्हणून चालले होते.

"झालं वाचून?" साहेबाचा आवाज बदलला. "तुझ्यामागं पन्नास जण रांगेत आहेत."

"मग त्यांना विचारा. मी न्हाय सही करत."

कॉल बंद झाला.

आबा दारातच उभे होते. "आता गावाला काय सांगू?" एवढंच म्हणले अन् शेळ्या घेऊन रानात गेले. मी लई रडले. मला जायचंच होतं. आज पण जायचंय. काम येतं मला, त्या कामावर जायचंय.

डोळे पुसले अन् तो कागद लिंडाला पाठवला. मेलखाली माझं पूर्ण नाव घातलं. नोकरी जाणार, ठाऊक होतं. गेली.

उद्या दुसरी कंपनी कागद देईल. तो पण मी वाचणार. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. खोटं निघालं तर सही न्हाय.