बी.ए.ची खंडेनवमी

नंदुरबारच्या पोस्टात मी पंचवीस वर्षं कारकुनी केली. पत्रं रोज आली, रोज गेली. किस्से मात्र पत्ता नसलेल्या पाकिटांसारखे माझ्याकडेच साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या सुकलालचे. सुकलाल म्हणजे कळसाडीच्या धुडकू आबांचा मुलगा, गावातला पहिला बी.ए. एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची गोष्ट.

*

डिग्री टपालाने आली, तेव्हा ती घ्यायला आबा स्वतः बैलगाडीने आले. मी पाकीट फोडून कागद हातात दिला. आबांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"भाऊसाहेब, इतला वरीस शिकना, अनी इतलासाच कागद?"

पोस्टमास्तर म्हणाले, "आबा, कागद लहान, पण वजन केवढं!"

आबांनी कागद तळहातावर तोलून पाहिला. "वजन बी नही!"

*

मग सुरू झाले अर्ज. नकाराचं पाकीट पातळ असतं, मी ते हातात घेऊनच ओळखायचो. वर्षभर असली पातळ पाकिटं घेऊन सुकलाल वैतागला. एक दिवस म्हणाला, "मोंबासाला जातो. तिथे शिकलेली माणसं हवी आहेत म्हणे."

पोस्टाच्या बाकावर वाद रंगला. पोस्टमास्तर म्हणाले, "ज्या बी.ए.ला नंदुरबारात स्टूल मिळेना, त्याला आफ्रिकेत खुर्ची मिळणार?"

आमचा पोस्टमन म्हणाला, "मास्तर, तिथे सिंह आहेत. ते निदान अर्ज तरी मागत नाहीत!"

आम्ही खूप हसलो. सुकलालही हसला, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

*

निघायच्या आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. आबांनी नांगराचा फाळ मांडला, विळा मांडला, कुऱ्हाड मांडली आणि त्यांच्या शेजारी डिग्री ठेवली. हळद वाहिली. पाण्यात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उमटवली, थेट सहीवर!

सुकलालने कपाळावर हात मारला. "आबा, हाई काय करं?"

"का रे? फाळ मन्हा, डिग्री तुन्ही. तुन्हं हत्यार पुजाले नको?"

*

सुरतेपर्यंत पोचवायला मी गेलो होतो. सोबत आमच्या गल्लीतला इस्माईल मिस्तरी, सुतार. तोही मोंबासालाच निघाला होता. त्याला सहीसुद्धा येत नव्हती.

मोंबासाला माणसं पाठवणाऱ्या एजंटने विचारलं, "क्या आता है?" इस्माईलने पिशवीतून रंधा काढला आणि एजंटचंच घासणारं दार दोन हात मारून नीट लावून दिलं. झालं काम!

सुकलालने डिग्री उलगडली. एजंट म्हणाला, "ये लाल क्या है?"

"पूजा."

"अच्छा. और क्या आता है?"

सुकलालने डिग्रीची घडी घातली. शेवटी इस्माईलनेच एजंटला गळ घातली आणि कागदावर लिहिलं गेलं, 'सुताराचा हेल्पर.' इस्माईलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "नाम का क्या, भाई! उधर जाके तू साहेब, मैं मिस्तरी!"

*

मोंबासाहून दोघांची पत्रं यायची, दोन्ही सुकलालच्याच अक्षरात. इस्माईल सांगायचा, हा लिहायचा. इकडे वाचून दाखवणारा मी.

आबांच्या पत्रात असायचं, "ऑफिस मोठं आहे, डोक्यावर पंखा आहे." इस्माईलच्या आईच्या पत्रात असायचं, "सुकलाल अब रंधा अच्छा मारता है. हाथ के छाले सूख गए."

स्वतःच्या पत्रात खोटं लिहिणाऱ्या त्या पोराने दुसऱ्याच्या पत्रातला एक शब्द बदलला नाही. आबा बाकावर बसून विचारायचे, "पंखा शे ना? परत वाचा." मी परत वाचायचो. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

*

तिसऱ्या वर्षी इस्माईलचं पत्र परक्या अक्षरात आलं. तिथेच मी समजलो. ताप, चार दिवस, सुकलालचा खेळ खलास.

मागून पार्सल आलं. आबा आले ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मी त्यांच्यासमोर काउंटरवर ते सोडलं. एक कोट, कापडात गुंडाळलेली डिग्री आणि एक रंधा.

आबांनी डिग्री उलगडली. कुंकवाची पाच बोटं तशीच होती. मग त्यांनी रंधा उचलला. त्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मूठ झिजून गुळगुळीत झाली होती, अंगठ्यापाशी खळगा पडला होता. आबांनी आपला अंगठा त्या खळग्यात टेकवला आणि बराच वेळ तसाच धरला.

मग रंधा त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधला, कोट खांद्यावर टाकला आणि निघाले.

मी हाक मारली, "आबा, डिग्री राहिली!"

दारातून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. ती तं त्यानी कधी वापरीच नही."