कमिशनर अण्णाला द्यायचं तरी काय?

“अरे, तो कुबड्या घेऊन हिंडतोय की! कुबड्या! आणि तू त्याला पहिल्या फेरीत घेतोस? डोकं ठिकाणावर हाय का मास्तर तुझं?”

शिवण्णा, म्हणजे आमचा अण्णा, एवढ्या जोरात ओरडला, की माझ्या गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट होटगीला जाऊन उतरली. माझा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. गोदामात नवरा-नवरीला बसायच्या लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या खुर्च्या असतात. त्यातल्या नवरदेवाच्या खुर्चीत अण्णा बसला होता, कारण तो आमच्या मोबाइलवरच्या फुटबॉल लीगचा कमिशनर होता आणि ती खुर्ची दर वर्षी त्याचीच असायची. समोर गाद्यांच्या ढिगावर आम्ही चौघं, नव्या हंगामाचे संघ निवडत. मास्तर शांतपणे म्हणाला, “मला आवडतो तो. चेहरा चांगला हाय.” पुढची पाळी नरसय्याची. त्यानं जो खेळाडू सांगितला, त्यानं खेळणं सोडून हॉटेल काढलं होतं. जमीरनं असा एक निवडला, ज्याला पंचाच्या अंगावर धावून गेल्याबद्दल बाहेर बसवलं होतं. अण्णा कपाळावर हात मारून म्हणाला, “अरे जमीर, हा बंदी उठेपर्यंत खेळणार न्हाय!” जमीर म्हणाला, “मेरेकु येच होना.” आणि मी? मी एक गोलकीपर घेतला, ज्याच्या बुटाला अजून गवताचं पातंसुद्धा लागलं नव्हतं.

शेवटी पाळी आली अण्णाची. त्याच्यासमोर उरले होते ते सगळे शर्यतीचे घोडेच. ज्याला आम्ही ‘रेडा’ म्हणायचो तो पुढचा गडी, ज्यानं रागानं नुसतं बघितलं तरी गोल होतो, तोसुद्धा तसाच शिल्लक. अण्णानं फोनच्या पडद्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग उठला. “माझी चेष्टा लावलीय काय रे तुमी? इतकी वर्षं राबलो, त्याचं हे? पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.” निवड पुरी केली त्यानं, अर्धवट सोडायचा स्वभावच नव्हता. पण एकेक नाव असं उच्चारलं, की जणू कुणी दाढ उपटतंय. चहाला “ब्याड!” म्हणाला. रागावला की अण्णा कानडीत जायचा, आणि ‘ब्याड’ म्हणजे नको. स्कूटरला अशी किक मारली, की तिचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही श्वास धरून बसलो. आणि मग काय हसलो... काय हसलो! नरसय्या गाद्यांवरून खाली पडला. जमीरनं मला मिठी मारली. बेत फत्ते झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेला. आंघोळ करून, देवाला विभूती लावून, दुकानाला निघताना दाराशीच बसला, तो बसलाच.

मला जमीरचा फोन आला. एरवी त्याच्या गॅरेजमधून फोन आला की आधी शिव्या येतात, मग माणूस येतो. त्या दिवशी एक वाक्य बोलला आणि गप्प बसला. जमीर गप्प, म्हणजे गोष्ट खरी. पुढच्या सगळ्यांना कळवायचं काम माझ्यावर आलं, आणि तिथंच माझं आयुष्यभराचं कर्म आडवं आलं. मी म्हणजे, सोलापूरच्या उन्हात कावळे चपला घालून हिंडताना पाहिलेला माणूस. मास्तरला फोन केला तर तो म्हणाला, “बंडू, सकाळच्या पारी थापा मारायला दुसरा विषय मिळाला न्हाय का?” आणि ठेवून दिला. नरसय्या तर हसायलाच लागला. “मागं एकदा मलाबी मारला होतास की तू, लग्नाची ऑर्डर चुकवायला. मी जिता हाय अजून.” मी आईची शपथ घेतली, गोदामाची घेतली. तो आणखी हसला. मग माझ्या घशातून कसला तरी आवाज आला. पलीकडचं हसू थांबलं. बंडूला रडता येतं, हे नरसय्याला तेव्हा कळलं. तसं मलाही तेव्हाच कळलं.

आता तुम्ही विचाराल, सोलापुरात फुटबॉल कुठनं आला? सांगतो. आधी आम्ही क्रिकेटचीच लीग खेळायचो. मोबाइलवर खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करायचा, ते मैदानात जसं खेळतील तसे आपल्याला गुण. पण क्रिकेटात प्रत्येक जण बापाचा बाप. एका धावेवरून मास्तर आणि जमीर अशी हाणामारीला आले, की मला मध्ये झुंबर धरून उभं राहावं लागलं. तेव्हा शिवण्णा म्हणाला, “क्रिकेट बंद. ज्यातलं आपल्याला कुणालाच काय कळत न्हाय, असा खेळ घ्या. अडाण्यांची भांडणं लवकर मिटतात.” अशी आमची फुटबॉल लीग निघाली. आमच्यातल्या कुणीही जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. एकदा मी लावला, तर चप्पल गोलात आणि चेंडू जागच्या जागी. परदेशी नावं जिभेवर बसेनात म्हणून आम्ही बारसंच घातलं त्यांचं. कुणी रेडा, कुणी चिवडा, कुणी कडक भाकरी... कडक भाकरी हा बचावाला असायचा, वाकायचाच नाही.

ह्या सगळ्या बाराभाई कारभाराचा अण्णा कमिशनर. मोबाइलच्या त्या खेळात लीग चालवणाऱ्याला तसंच म्हणतात, आणि आम्ही ते पद गावभर मिरवलं. एकदा जमीरला हेल्मेट नाही म्हणून अडवलं, तर मागं बसलेल्या अण्णाकडं बोट करून तो म्हणाला, “साहब, कमिशनर बैठे है पीछे.” पोरगेल्या हवालदारानं सलाम ठोकला म्हणे. अण्णानं मात्र उतरून दंड भरला आणि वर जमीरला हेल्मेट घेऊन दिलं.

पण गमतीखालचं काम गाढवाचं होतं. दर आठवड्याला सामने सुरू व्हायच्या आधी आम्हा सगळ्यांना फोन. “बंडू, संघ लावलास का? तुझा चिवडा आजारी हाय, बदल की.” म्हणजे आमचा संघ हरू नये म्हणून हाच जागा! कुणाचा बाप दवाखान्यात असला तर त्याचा संघ हाच लावून ठेवायचा, आणि तो आपल्यापेक्षा चांगला लावायचा. भांडण झालं की डाळीच्या दुकानातनं उठून येऊन निवाडा. आणि स्वतः दर वर्षी शेवटचा नंबर. कारण आमच्यात एक खेळाडू एकाच्याच संघात जातो. एकानं घेतला की तो दुसऱ्याला मिळत नाही. आणि अण्णा प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या मागून निवडायचा, उरलासुरला गाळ घ्यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “आमची दुधनीला तुरीची आडत. माझा बाप सांगायचा, ज्याच्या हातात काटा, त्यानं आपलं पोतं शेवटी घालायचं. लोकांचा विश्वास बसतो.” अरे पण अण्णा, हे बूट घालून पळणारे गोरे, तुरीची पोती न्हवंत! “काटा तो काटा,” म्हणाला.

ह्यावरून आमच्यात दर वर्षी एक वाद पेटायचा. अण्णाला काहीतरी द्यायला पाहिजे की नको? मास्तर म्हणायचा, द्यायलाच पाहिजे, वेटरला देतो आपण, न्हाव्याला दिवाळी देतो, आणि हा माणूस वर्षभर राबतो. नरसय्या म्हणायचा, मित्राला बक्षिशी दिली की मित्र नोकर होतो. दोघंही खरं बोलायचे, त्यामुळं वाद मिटायचा नाही. मधल्या मध्ये आम्ही प्रयोग करून पाहिले. पाकीट दिलं, तर त्यानं त्यातनं आम्हालाच बोलावून शेंगाचटणी, भाकरी, धपाटे असं जेवण घातलं, वर पदरचं खर्चून आमरस. फक्त दोडका नाही, तो ताटात दिसला की अण्णा उपाशी उठायचा. नरसय्यानं आपल्या कारखान्यातले टॉवेल दिले, तर अण्णानं ते दुकानातल्या हमालांना वाटले. शाल घालून सत्कार केला, तर त्यानं ती उभ्या उभ्या काढून माझ्या खांद्यावर घातली. “मांडव ह्याचा, मान ह्याचा.” ती शाल मी अजून भाड्यानं देतो. तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय द्यायचं?

म्हणून ह्या वर्षी बेत ठरला. अण्णाला कळू न देता द्यायचं. पैसा नको, कापड नको, लीगच द्यायची. आम्ही सगळ्यांनी ठरवून लंगडे, आजारी, रिटायर झालेले निवडायचे, म्हणजे शेवटच्या अण्णाच्या वाट्याला आपोआप घोडे येतील. एकदा तरी माणूस पहिला येऊ दे. आणि हंगाम संपला की गोदामात मांडव घालायचा, खराखुरा, झालरीसकट. त्याला त्या खुर्चीत बसवून सांगायचं, “अण्णा, ही घे तुझी बक्षिशी. आता परत करून दाखव!” ह्या एका वाक्यासाठी आम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. माझ्या तोंडाला कुलूप... म्हणजे बघा.

त्या सकाळी आम्ही घरी पोचलो, तेव्हा त्यांच्या लिंगायत रिवाजानं अण्णाला बसवलेलं होतं. भिंतीला टेकून, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी दारातनं आत पाऊल टाकलं आणि तिथंच थिजलो. आडवा असता तर मला कळलं असतं, की माणूस गेला. पण हा बसला होता. आदल्या संध्याकाळी माझ्या गोदामात जसा ताठ बसला होता, तसाच. मला वाटलं, आता डोळे उघडेल आणि म्हणेल, “कुबड्या घेतलेल्याला घेतोस?” मी वाट बघितली. खरंच वाट बघितली. भजनं चालू होती, बाया रडत होत्या, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, ओरड की रे, एकदा ओरड. शेजारी मास्तर पुटपुटला, “रागानं गेला रे तो आपल्यावर...” जमीरनं त्याचा दंड घट्ट धरला. अंत्ययात्रेत त्याला तसंच बसवून नेलं. आमच्या वरनं, उंचावरनं, सगळा बाजार बघत गेला अण्णा.

लीगची कुणाला आठवण राहणार? पण मोबाइलला मरण कळत नाही. त्या शनिवारी मास्तरचा फोन वाजला. सामने सुरू झाले होते. रेड्यानं तीन गोल मारले होते. गुणांच्या तक्त्यात सगळ्यांत वर नाव होतं शिवण्णाचं. आम्ही गोदामात जमलो, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. तक्ता बघत बसलो. आमचे सगळ्यांचे संघ तळाला, लंगडत. मास्तर म्हणाला, त्याचा संघ बंद करू या, बघवत न्हाय. जमीर खेकसला, “चलने दे ना रे. हात लगाया तो देख.” आज इतके आठवडे झाले, कुणी त्या संघाला बोट लावलेलं नाही. खेळाडू बदलायला कोणी नाही, संघ लावायला कोणी नाही, तरी दर शनिवारी तो खेळतो आणि जिंकतो. माझ्या हातून उभ्या आयुष्यात एवढी मोठी थाप रचली गेली नसती, म्हणून सांगतो, मास्तरला विचारा हवं तर.

पण मला त्या पहिल्या नंबराचं काही वाटेना. बक्षीस पोचलं, पण घेणाऱ्याला कळलंच नाही की ते बक्षीस होतं. त्याच्या लेखी आम्ही त्याची चेष्टा केली होती. ‘दुसरा माणूस बघा’ हे त्याचं आमच्याशी शेवटचं बोलणं. रात्रीतनं त्याला उमगलं असेल का? हुशार माणूस होता, आकडेमोडीत पक्का. घोडे सगळे आपल्याच दावणीला कसे आले, हे त्यानं घरी जाताना सिग्नलला थांबून एकदा तरी मनात मांडलं असेल की नाही? की तसाच फणफणत झोपला?... हा प्रश्न घेऊन मी महिनाभर हिंडलो. धंद्यात दोन ऑर्डरी चुकवल्या. एका बारशाला लग्नाचं स्टेज पाठवलं.

शेवटी परवा आम्ही चौघं अण्णाच्या घरी गेलो. महादेवीवहिनी तूर निवडत बसल्या होत्या. दुकान आता त्याच बघतात. आम्ही भिंतीला ओळीनं बसलो, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला गोष्ट रंगवता आली नाही. लीग काय, घोडे काय, बेत काय, सगळं सरळ सांगून टाकलं. वहिनींनी सूप थांबवलं नाही. नरसय्यानं घसा खाकरून विचारलं, “वहिनी, त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा काय बोलला का? आमच्यावर लई रागात होता का?”

वहिनींनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“बोलले न्हाय काय. दोडक्याची भाजी होती. तरी जेवले की.”