सोवळा खांदा

इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघालो तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर आईने भाकरीच्या पिठाची पिशवी माझ्या हातात कोंबली. बाबा एसटीच्या खिडकीशी उभे. अभ्यासाचं काही नाही, म्हणाले, "खांदा सोवळा ठेव रे."

वाडीवर राहिलेल्यांना हे सांगायला नको. बाहेर वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. शिमग्याला आमच्या कापडे गावच्या ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा द्यायचा, तर महिनाभर आधीपासून कसलीही नशा चालत नाही. पालखी उचलण्याआधी तात्या, वाडीतले सगळ्यांत जुने, एकेकाला सगळ्यांदेखत विचारतात.

होस्टेलला गेल्यावर मी हे साफ विसरलो. दुसऱ्या वर्षी, शिमगा आठ दिवसांवर असताना, एका रविवारी दुपारी रूमवर आधी बिअर झाली, मग गांजाची सिगरेट फिरली. दोन्ही झेपतं असा माझा रुबाब! एकावर एक चढल्यावर भिंती फिरायला लागल्या, छाती धडधडली, अंथरुणातच ओकलो. रूममेटने कुशीवर वळवून धरलं नसतं तर आज हे लिहायला मी नसतो.

त्याच शिमग्याला बाबांचा गुडघा धरला होता. पहिल्या खांद्याचा मान आमच्या घराचा. "माझा पोरगा देईल," असं त्यांनी वाडीभर सांगून ठेवलेलं.

"खांदा सोवळा हाय ना रे?" तात्यांनी विचारलं.

'हाय' म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पुणं कुठे, कापडे कुठे! पण बाबांनी लावलेलं गंध कपाळावर अजून ओलं होतं.

"नाय, तात्या. दारू प्यायलो. वर गांजा ओढला."

ढोल थांबला. आई खाली बघायला लागली. बाबा लंगडत पुढे आले, माझ्या खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि पालखीखाली शिरले. शिरताना म्हणाले, "खरं बोललास. पुढल्या साली ये."

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज मला त्या 'नाय'चा अभिमान आहे, आणि ते ऐकून घेणाऱ्या माझ्या माणसांचा त्याहून जास्त.

पुढल्या साली गेलो. त्यानंतर दर साली जातो. पुण्यात वाकडला फ्लॅट आहे, ऑफिसच्या पार्टीत लिंबूसोडा पितो, मित्र 'महाराज' म्हणून चिडवतात. चिडवू देत. घर कुठलं विचारलं तर मी कापडेच सांगतो. तात्या अजूनही सगळ्यांना विचारतात. मी "हाय" म्हणतो तेव्हा बाबा माझ्याकडे वळूनही बघत नाहीत, डोळे मिटून पालखीला हात जोडून उभे असतात.