एक वाजताची कॉफी

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी तरी आमच्या शेजारचे काका एकटे करतात, आणि तीही कॉफी पिऊन. बोर्ली पंचतनात दुपारी एकनंतर जागा माणूस सापडणं कठीण. मीही माझं वह्या-पेनांचं दुकान बंद करून घरी येतो, आणि भात जेवून सगळी आळी आडवी होते. नेमकं तेव्हाच काका गॅसवर दूध ठेवतात. पूर्वी त्यांचं अर्ध्या चमच्यावर भागायचं. मग तेवढ्यानं डोळे मिटायला लागले म्हणून एक झाला, एकाचे दोन झाले. आता सव्वा वाजेपर्यंत पेला हातात आला नाही तर कपाळ ठणकतं आणि आला तर छाती धडधडते. "कॉफीनं धडधडतंय, की काहीतरी होणार आहे म्हणून, तेच कळत नाही रे," असं म्हणून ते मनगट माझ्यापुढे करतात. मी नाडी बघितल्यासारखं करतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

पेला संपला की ते आळीभर फेरी मारतात. विहिरीवर झाकण आहे ना, कुणाच्या माडाचा झाप लोंबत नाही ना, सगळं बघतात. "गॅसचा रेग्युलेटर बंद केलास ना?" हे विचारायला त्यांनी मला गाढ झोपेतून किती वेळा उठवलंय, याला गणती नाही. मागच्या महिन्यात तर "तुमच्याकडे काहीतरी जळतंय!" म्हणत थेट स्वयंपाकघरात आले. माझी बायको शांतपणे म्हणाली, "जिरं करपलं, काका." मुरुडला लग्नाला निघालो तेव्हा थर्मास बरोबर होताच. दिघीच्या बोटीत दोन घोट घेतले आणि काकांना इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला. "अहो, याला धाप लागल्येय!" बोटवाला म्हणाला, "चाचा, मशीन बेस हाय. तुमी तो कप ठेवा खाली."

हसू येतं, पण मला पोटभर हसवत नाही. पाच वर्षांपूर्वी असल्याच एका दुपारी काकू परसात घसरून पडल्या. तासभर हाका मारत होत्या. काका माजघरात झोपले होते, मी भिंतीपलीकडे झोपलो होतो. काकूंचा खुबा मोडला, आता त्या वॉकर धरून चालतात. त्या हाकांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, पण मला अजून लाज वाटते. काका तर त्या दिवसापासून दुपारचे झोपलेच नाहीत. काकूंचा डोळा लागतो न लागतो तोच विचारतात, "झोपलीस का गं?"

"झोपले होते," काकू म्हणतात.

दीड महिन्यापूर्वी काकांचं ब्लडप्रेशर चढलं आणि डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली. काका म्हणाले, "मग जागं कोण राहणार?" डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी तेवढी लिहून दिली. काका घरी आले आणि दूध तापवायला ठेवलं.

परवा दुपारचे दोन वाजले तरी कुणी माझं दार ठोठावलं नाही. मला झोपच येईना. शेवटी धावत गेलो. काका आरामखुर्चीत मान टाकून पडलेले, पेला शेजारी रिकामा. मी हाक मारायला तोंड उघडलं. इतक्यात पलंगावरून काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत ते. मी जागी आहे."

"कॉफी घेतली नाही?"

"घेतली की! महिनाभर कॉफीच्या डब्यात टाकळ्याच्या भाजलेल्या बियांची पूड मिसळत्ये, तशीच काळी न् कडू, रोज थोडी थोडी वाढवून. आज तर कॉफीचा कणही नाही. तुझ्याच बायकोनं भाजून दिलीन."

करपलेलं जिरं मला आत्ता कळलं.

"काकांना समजलं तर?"

"समजेल तेव्हा समजेल. पाच वर्षं माझ्यावर पहारा केलान. एक दुपार मी करते." मग त्यांनाच जांभई आली. "पण मेली मला कुठे सवय? तू बसतोस का जरा?"

बसलो. थोड्या वेळात काकूंचेही डोळे मिटले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मला त्या दोघांना बघून इतकं बरं वाटलं, आणि इतकी भीती वाटली, की काय सांगू. काकांच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं, काकूंच्याही. मग स्वयंपाकघरात जाऊन रेग्युलेटर बघून आलो. बंद होता. येऊन बसलो, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा बघून आलो.