पायपेटीवरचं दुसरं पान

देवा, आज सकाळी तुझ्या दारात जे झालं त्याची मी माफी मागणार नाही. या वहीत मी रोजचं रोज लिहिते, पण आज पेटीमावशींबद्दल जरा नीट लिहून ठेवते. उद्या लोक आपापल्या सोयीने सांगत सुटतील.

मावशी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नात्याच्या कोणाच्याच नाहीत, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "वेळच नाही झाला गं," म्हणतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत दार लावून घेतात. जन्मभर थर्मामीटरच्या कारखान्यात नोकरी केली. काचेवरच्या बारीक रेघा दिव्यासमोर धरून बघायच्या, वाकडी दिसली की नळी बाजूला. त्या रेघांनीच त्यांचे डोळे खाल्ले. रविवारी मात्र प्रार्थनागृहातली पायपेटी त्यांची. पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर, मान ताठ. शेजारच्या स्टुलावर मी बसते. पान उलटणं माझं काम.

गेल्या सोमवारी त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"मला स्वरलिपी दिसत नाही गं. दोन वर्षं अंदाजाने वाजवतेय."

"अहो, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, मावशी."

"तुमच्या नाही आलं. ज्याच्यासाठी वाजवते त्याच्या आलंच असणार. त्याच्यापुढे ठोकून देणं मला आता जमणार नाही."

तोडगा माझ्या सुनेने काढला. गाण्यांचे सगळे जुने कागद स्कॅन करून प्रार्थनागृहाच्या ऑफिसातल्या कंप्यूटरवर एका फोल्डरमध्ये ठेवलेले आहेत. सुनेने मावशींच्या टॅबलेटमध्ये एक अ‍ॅप घातलं. हॉलच्या वायफायवरून ते अ‍ॅप थेट त्या कंप्यूटरपर्यंत जातं. पासवर्ड टाकला की फोल्डर उघडतं, गाण्यावर बोट टेकवलं की पान हजर. दोन बोटांनी ताणलं की एकेक स्वर वाटाण्याएवढा. मावशींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "इथे कोमल होता होय! आणि मी मेली शुद्ध वाजवत होते."

पण फोल्डर समितीचं, आणि समितीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर. माणूस वाईट नाही, पण किल्ल्यांचा जुडगा कमरेला असला की त्यांची उंची वाढते. त्यांनी अट घातली, "बघा, वाजवा, पण फाइल टॅबलेटमध्ये उतरवून घ्यायची नाही. आपल्या चाली आहेत. उद्या कोणीही उठून गाईल." मावशींनी शब्द दिला. वर भाऊजींनी हेही ऐकवलं की नवा स्पीकर आणून ठेवलाय. प्रार्थनागृहाच्या वर्धापनदिनी मावशींची गाडी अडखळली तर त्यापुढे पेटी बंद, रेकॉर्ड लावायची. मावशी म्हणाल्या, "बघू की."

आठवडाभर तालीम आम्ही दोघींनी दुपारच्या वेळी केली. तेव्हा ऑफिसात कोणी ना कोणी काम करत असे, कंप्यूटर चालूच. एकदाही अडलं नाही.

आज वर्धापन. टॅबलेट लावून भर प्रार्थनेत वाजवायची पहिलीच वेळ. हॉल गच्च भरलेला. मावशींनी इस्त्रीची साडी नेसलेली, टॅबलेट पेटीवर उभा, पहिलं पान लखलखीत. गाणं सुरू झालं आणि काय सांगू, सूर असे लागले की माझ्या अंगावर काटा आला. पानाच्या शेवटच्या ओळीला मी दुसऱ्या पानासाठी बोट टेकवलं. गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग अक्षरं आली, फोल्डरशी संपर्क होत नाही.

मावशींनी पट्ट्यांवरून हात उचलले. गाणारे चार शब्द तसेच पुढे गेले आणि एकेक करून थांबले.

भाऊजी वाकत वाकत आले. "काय झालं?"

"ऑफिसातला कंप्यूटर बंद केलात?" मावशींनी विचारलं.

"प्रार्थना सुरू झाली की नेहमीच करतो. पंखा, चहाची किटली, सगळं बंद. देवापुढे घरघर नको. पण गाणं तर तुमच्या पाटीवर दिसत होतं ना!"

खरंच त्यांना तसं वाटलं होतं. दिसलं म्हणजे आलं. अ‍ॅप एकेक पान मागून आणतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारणं त्यांच्या स्वभावात नाही.

"पहिलं पान दिसत होतं," मावशी म्हणाल्या. "दुसरं अजून तुमच्याकडेच आहे. जा, कंप्यूटर लावा."

"आत्ता? भर प्रार्थनेत? मावशी, इतकी वर्षं वाजवताय, पाठ असेल की. न्या रेटून."

"दोन वर्षं रेटलंच." आता मावशींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सगळ्यांसमोर सांगते. मला दिसत नव्हतं, मी अंदाजाने वाजवत होते. आता दिसतं. आता अंदाजाने वाजवणार नाही."

मागून एक काका म्हणाले, "तरीच माझा सूर लागत नव्हता!"

"तुमचा त्याच्या आधीही लागत नव्हता," मावशी मान न वळवता म्हणाल्या. हॉलभर हशा पिकला. तुलाही आलं असेल हसू.

भाऊजींचे कान लाल झाले. ते तरातरा गेले आणि स्पीकर लावला. तेच गाणं, झक्क, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. भाऊजींनी हात वर करून सगळ्यांना खूण केली, चला, म्हणा. मावशी हाताची घडी घालून बसल्या. जागेवरून उठल्या नाहीत, कोणाकडे विनवून बघितलंही नाही. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. तोंडं बंद. दुसरी रांग, बंद. मी लहानपणापासून हे गाणं म्हणत आले, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण आज मीही ओठ मिटले. तुझ्या दारात, तुझंच गाणं चालू असताना. तू बघितलंस.

स्पीकर एकटाच गात राहिला. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग भाऊजींनी त्याचा गळा दाबला आणि किल्ल्या वाजवत ऑफिसकडे गेले.

तो कंप्यूटर म्हातारा आहे, उठायला वेळ घेतो. मग आतून घरघर ऐकू आली. मी बोट टेकवलं, गोल फिरलं, दुसरं पान आलं.

"इथून धरायचं ना?" मी हळूच विचारलं.

"मधूनच कशाला? पहिल्यापासून."

आणि पहिल्यापासून वाजवलं. सगळे म्हणाले. घरघर चालू होती, कोणाचं काही अडलं नाही.

प्रार्थना संपल्यावर भाऊजी पेटीशी येऊन उभे राहिले. मावशींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "एक तर माझं वाजवून होईपर्यंत कंप्यूटर चालू, नाहीतर फाइल उतरवून घ्यायची परवानगी. काय ते तुम्ही ठरवा. इथून उठायचं की नाही ते माझं मी ठरवलंय."

"राहू दे चालू," भाऊजी पुटपुटले.

रविवारी ते आमच्याकडे जेवतात. आजही आले. मान खाली घालून निम्मं जेवण झाल्यावर म्हणाले, "वहिनी, निदान तुम्ही तरी गायला हवं होतंत."

"परत स्पीकर लावलात तर परत नाही गाणार, भाऊजी," मी म्हटलं. "भाजी वाढू?"

त्यांनी ताट पुढे केलं.